फिजिओ थांबल्यानंतरची वर्षं

महाराष्ट्रात योगवर्ग चालत नाही असं तालुक्याचं गाव आता शोधावं लागेल. सकाळी सहाला मंगल कार्यालयात, देवळाच्या सभामंडपात, सोसायटीच्या गच्चीवर सतरंज्या पडतात. २१ जूनच्या योगदिनी तर शाळांची मैदानं भरून जातात. या सगळ्या वर्गांची एक न लिहिलेली अट असते. जमिनीवर बसता आलं पाहिजे आणि आधाराशिवाय उठता आलं पाहिजे. ज्याच्या अंगावरून वारं गेलं आहे, त्याला नेमकं तेच जमत नाही. शरीर आणि चित्त दोन्ही एका वेळी कामाला लावणाऱ्या व्यायामाची ज्याला खरी गरज, तो माणूस सतरंजीपर्यंत पोहोचतच नाही. ही उणीव भरून काढता येण्यासारखी आहे, त्याला मोठा पैसा लागत नाही, आणि आता ती भरून काढायला हवी.

देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना पक्षाघाताचा झटका येतो. गुठळीमुळे झटका आला असेल आणि पहिल्या साडेचार तासांत रुग्णालय गाठलं, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, हे हळूहळू लोकांपर्यंत पोहोचतं आहे. चांगलंच आहे ते. पण जीव वाचल्यावर पुढे काय, हे कुणी नीट सांगत नाही. डिस्चार्ज मिळतो, हॉलमध्ये पलंग लागतो, वॉकर येतो, फिजिओ घरी येऊ लागतो. सुरुवातीला तो रोज येतो, मग एक दिवसाआड, आणि माणूस धरून धरून संडासापर्यंत जाऊ लागला की बहुतेक घरांत त्याचं येणं बंद होतं. कारण सरळ आहे, पैसे संपतात. आरोग्य विमा दवाखान्यात भरती असतानाचं बिल देतो, फार तर त्यानंतरच्या काही आठवड्यांचा-महिन्यांचा खर्च देतो. वर्षभराच्या फिजिओचा भार घरच्यांच्याच खिशावर पडतो. पन्नाशी-साठीतल्या त्या माणसापुढे मात्र अजून वीस वर्षांचं आयुष्य असू शकतं.

त्यात एक वाक्य त्याच्या कानावर सतत पडत असतं: जे काय सुधारायचं ते सहा महिन्यांत सुधारतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. मेंदू आपणहून जी डागडुजी करतो, ती पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. त्यानंतर काहीच होत नाही, हे मात्र खरं नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात हात निकामी झालेल्या २२४ रुग्णांकडून तीन आठवड्यांत ९० तास व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना झटका येऊन दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ लोटला होता. तरीही हात सुधारले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ती सुधारणा टिकून होती. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा त्यातला कच्चा दुवा. पण उशिरा आलेल्या माणसाला ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून परत पाठवणं किती चुकीचं आहे, ते त्यातून स्पष्ट दिसतं.

सुधारणेला आवृत्त्या लागतात, आणि त्या पुष्कळ लागतात. अमेरिका आणि कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांत ३१२ सत्रांचं निरीक्षण करून २००९ मध्ये एक अभ्यास आला. हाताच्या व्यायामाच्या एका सत्रात रुग्ण कामाची हालचाल सरासरी ३२ वेळाच करत होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूची जडणघडण बदलताना दिसली, ती दिवसाला शेकडो आवृत्त्यांनंतर. सुसज्ज केंद्रांत ही स्थिती, तर आठवड्यातून तीनदा येणाऱ्या फिजिओच्या पाऊण तासात काय साधणार? उरलेले तास कुठून तरी आणावेच लागतात. ते कंटाळवाणे असून चालत नाहीत, कारण कंटाळा आला की व्यायाम सुटतो. आणि भीतिदायक असूनही चालत नाहीत.

भीती हा इथला कळीचा मुद्दा आहे. झटका येऊन गेलेली माणसं घरात वारंवार पडतात. बाथरूमच्या उंबऱ्याशी, पलंगावरून उतरताना, दाराची बेल वाजली म्हणून घाईने वळताना. एकदा पडलं की माणूस चालायलाच धजत नाही, न चालल्याने पाय आणखी कमजोर होतात, आणि पुढच्या वेळी पडल्यावर खुब्याचं हाड मोडतं.

अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठाच्या रूथ टेलर-पिलिए यांनी याच प्रश्नावर काम केलं. झटका येऊन किमान तीन महिने झालेले, सरासरी सत्तरीचे १४५ जण त्यांनी निवडले. ५३ जणांना ताई ची हा संथ, सलग हालचालींचा चिनी व्यायाम शिकवला. ४४ जणांना ज्येष्ठांसाठीच्या नेहमीच्या व्यायामवर्गात घातलं. ४८ जणांची फक्त नेहमीची देखभाल चालू ठेवली. व्यायाम होता आठवड्यातून तीनदा तासभर, बारा आठवडे. त्या काळात एकूण ३४ वेळा माणसं पडली. नुसत्या देखभालीच्या गटात १५ वेळा, व्यायामवर्गाच्या गटात १४ वेळा, आणि ताई चीच्या गटात फक्त ५ वेळा. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. दमसास दोन्ही व्यायामगटांत वाढला होता. तेव्हा दमसासात फारसा फरक नसताना पडणं एवढं कमी का झालं, याचं उत्तर व्यायामाच्या पद्धतीत शोधावं लागतं. ताई चीत वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर अगदी सावकाश न्यायचं असतं, आणि ते नेताना लक्ष तिथेच ठेवायचं असतं. घरात माणूस पडतो तो नेमका याच क्षणी, वजन बदलताना आणि लक्ष दुसरीकडे असताना.

उभंच राहता येत नसेल तर? चीनमधल्या कुनमिंग शहरात दोन रुग्णालयांनी खुर्चीत बसून करायची ताई ची तपासली. पहिला झटका येऊन सहा महिने पूर्ण व्हायचे होते अशा १६० रुग्णांचे दोन गट केले. एकाला बैठी ताई ची, दुसऱ्याला नेहमीचे पुनर्वसनाचे व्यायाम. आधी दवाखान्यात शिक्षकाकडून शिकायचं, मग घरी दहा आठवडे स्वतः करायचं, शेजारी घरचं माणूस. २०२२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा हाताची हालचाल, बसल्या जागचा तोल आणि मनाची उदासी या तिन्हींत बैठ्या ताई चीचा गट पुढे होता. शेवटची बाब हलक्याने घेण्यासारखी नाही. झटक्यानंतर साधारण दर तिघांत एकाला नैराश्य गाठतं. घरचे त्याला हट्टीपणा म्हणतात, आळस म्हणतात. तो आजार असतो, आणि त्याच्यामुळे बाकीचा सगळा व्यायाम खुंटतो.

या व्यायामांत मनाचा वाटा किती, हे समजून घ्यायचं तर उजव्या मेंदूला इजा झालेल्या माणसाचं जेवणाचं ताट पाहावं. अशा काही रुग्णांना डावी बाजू जाणवतच नाही. डोळे शाबूत असतात, पण डावीकडचं जग मेंदूच्या हिशेबात नसतं. पोळी, भाजी, आमटी संपते. डाव्या बाजूला वाढलेली चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते, आणि ‘मला वाढलंच नाही’ अशी तक्रार होते. याच माणसाचा डावा हात चाकांच्या खुर्चीच्या कडेला लोंबकळत असतो आणि चाकात अडकतो, तरी त्याला पत्ता नसतो. त्याचा हात दुसऱ्याने धरून वीस वेळा वरखाली केला, तर सांधा आखडणार नाही, एवढा फायदा नक्की होतो. पण उजव्या हाताने डावा हात उचलून आणायचा, तो मांडीवर ठेवायचा, नजर त्याच्यावर खिळवायची, श्वास सोडत तो सावकाश पुढे न्यायचा, हे काम त्याने स्वतः केलं तर हरवलेली बाजू पुन्हा हिशेबात येण्याची संधी तयार होते. शिक्षकाने त्याच्या डाव्या हाताला उभं राहून बोलायचं, म्हणजे मान आणि नजर तिकडे वळते.

डाव्या मेंदूला इजा झालेल्यांची अडचण वेगळी. त्यांची वाचा अनेकदा जाते. सूचना कळत नाहीत, किंवा कळतात पण उत्तर देता येत नाही. समोरचा करतो ते पाहून करायचं, या रीतीने चालणाऱ्या वर्गात अशा माणसाला शब्दांवाचून सामील होता येतं. ज्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता योगासनांबद्दल. इथे बोलताना जबाबदारीने बोललं पाहिजे, कारण योगाविषयी वाटेल ते दावे ठोकून देण्याची सवय आपल्याकडे बळावली आहे. इंडियानापोलिसमध्ये ४७ रुग्णांवर झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्राथमिक अभ्यास आहे. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा योग केलेल्यांचा तोल सुधारला आणि पडण्याची भीती कमी झाली. पण योग न केलेल्या छोट्या गटाशी तुलना केली, तेव्हा तो फरक ठाम म्हणता आला नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये पक्षाघात आणि योग यांवरच्या चाचण्या तपासल्या. त्यांच्या निकषांत बसल्या फक्त दोन, त्यांतले रुग्ण मिळून ७२. चिंता कमी होण्यास मदत होत असावी, याहून अधिक काही त्यांना म्हणता आलं नाही. जिथे योग जन्मला त्या देशात दरवर्षी लाखो लोकांना झटका येतो, आणि जगाच्या हाती एवढाच पुरावा असावा, याची खंत वाटते.

ऑस्ट्रेलियात अॅडलेडला नऊ रुग्णांना दहा आठवड्यांच्या योगवर्गानंतर मोकळेपणाने बोलतं केलं गेलं. बधिर झालेल्या अंगाची जाणीव थोडी परतली, मन शांत झालं, शरीर पुन्हा आपलं वाटू लागलं, असं त्यांनी सांगितलं. नऊ जणांच्या बोलण्यावरून सिद्ध काही होत नाही. तरी त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही चाचणीच्या गुणांत मावत नाही, आणि ज्याने आपलाच हात परक्यासारखा उचलून ठेवला आहे त्याला ते नेमकं कळेल.

आसनं आजारी शरीराला जुळवून घेण्याचं काम महाराष्ट्रातच झालं आहे, हे विसरून कसं चालेल? बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि अखेरपर्यंत पुण्याचेच राहिले. दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड आणि पाठ काढून टाकलेली घडीची लोखंडी खुर्ची, ही सगळी साधनं त्यांनी वापरात आणली, जेणेकरून ज्याला आसन जमत नाही त्यालाही ते आधाराने करता यावं. पुण्यातल्या त्यांच्या संस्थेत व्याधिग्रस्तांसाठी वेगळे वर्ग होत आले. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि आसनं-प्राणायाम करताना शरीरात नेमकं काय होतं, ते क्ष-किरणांनी आणि रक्तदाब मोजून तपासायला घेतलं. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडच्याच एका योग्याने घालून दिली. पक्षाघाताच्या बाबतीत तीच शिस्त पुढे न्यायला पुणे-लोणावळ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. एकीकडे योगसंस्था आहेत, दुसरीकडे मेडिकल कॉलेजं आणि फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. ती एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच नडतं आहे.

ती बोलायला हवीत याचं दुसरं कारण धोक्यांचं आहे. चांगला योगशिक्षकही पक्षाघाताचा रुग्ण समोर आला की चुकू शकतो. शीर्षासन, सर्वांगासन आणि मान टोकापर्यंत मागे टाकायची आसनं या रुग्णांनी करायची नाहीत. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन झटका आल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. श्वास कोंडून धरायचा नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल तर भस्त्रिका आणि जोरकस कपालभाती नको. झटका आल्यावर पहिल्या चोवीस तासांत तर घाईच नको. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत, ज्यांना फार लवकर आणि फार वेळा उठवून चालवलं गेलं त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा थोडी वाईटच निघाली.

खांद्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ही चूक घरोघरी होते. लुळ्या हाताचा खांदा स्नायूंनी धरून ठेवलेला नसतो, त्यामुळे तो खोबणीतून खाली सरकलेला असतो. पलंगावरून उठवताना घरचे तोच हात धरून ओढतात, किंवा काखेत हात घालून वर खेचतात. खांदा दुखायला लागतो, मग रुग्ण हात कुणालाच लावू देत नाही. दाराच्या चौकटीला कप्पी लावून चांगल्या हाताने लुळा हात डोक्यावर खेचायचा व्यायामही आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. १९९० सालच्या एका छोट्या पाहणीत अशी कप्पी वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांचा खांदा दुखू लागला. फिजिओथेरपिस्टने हात धरून व्यायाम दिलेल्यांत हेच प्रमाण ८ टक्के होतं. पर्वतासनासाठी ‘दोन्ही हात वर’ अशी आज्ञा सर्वांना सरसकट देणाऱ्या वर्गात हाच अपघात होईल. म्हणून कुठला हात कुठवर न्यायचा, ते फिजिओथेरपिस्टने तपासून ठरवून द्यावं आणि योगशिक्षकाने तेवढंच करून घ्यावं. गोळ्यांबाबतही हेच. ‘योग सुरू केला, आता बीपीची गोळी नको’ असं म्हणणारा शिक्षक रुग्णाला दुसऱ्या झटक्याकडे ढकलत असतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. घरच्यांनाच शिकवावं, वर्ग कशाला? हा विचार भारतातच मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. अर्ध्या रुग्णांच्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचे व्यायाम शिकवून घरी पाठवलं. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होतं. कुनमिंगचा अनुभव आशा देतो, हा सावध करतो. त्यातून कुटुंब कमी पडलं असा अर्थ काढणं अन्यायाचं होईल. बायको किंवा सून आधीच अंघोळ, जेवण, औषधं, स्वतःची नोकरी यांत बुडालेली असते. तिच्यावरच आणखी एका उपचाराचं ओझं टाकून सरकारने आणि समाजाने मोकळं होणं योग्य नाही. वर्ग घराबाहेर भरला तर रुग्ण कपडे बदलून, केस विंचरून बाहेर पडेल, आपल्यासारखे आणखी सातजण पाहील, आणि घरातल्या बाईला तासभर तरी सुटका मिळेल. आणि जिथे रुग्ण ती बाईच असेल, तिथे तिला वर्गाला घेऊन जायला कुणीतरी वेळ काढलाच पाहिजे.

जागा शोधायला लांब जायला नको. महापालिकांची विरंगुळा केंद्रं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघांच्या खोल्या आहेत, गावागावांत आयुष्मान आरोग्य मंदिरं आहेत. या आरोग्य मंदिरांच्या कामात योगसत्रं धरलेलीच आहेत. खोली तळमजल्यावर हवी, शेजारी बसायचा संडास आणि त्याला धरायची दांडी हवी. वर्ग पहाटे ठेवून चालणार नाही. या माणसांचं सकाळचं आवरायलाच दोन तास जातात, म्हणून अकराची वेळ बरी. प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, त्या फरशीवर सरकतात. जड, न हलणाऱ्या, बिनहाताच्या खुर्च्या भिंतीला पाठ लावून मांडाव्यात. चपला आणि मोजे काढून दोन्ही तळवे पूर्ण टेकतील एवढीच खुर्चीची उंची असावी, नाहीतर खाली ठोकळा घालावा. एका शिक्षकामागे सहा-आठ जणांपेक्षा जास्त रुग्ण नसावेत, आणि उभं राहून करायच्या प्रकारांना प्रत्येकाच्या कमजोर बाजूला एक मदतनीस हवा. फिजिओथेरपीचे विद्यार्थी हे काम उत्तम करतील, त्यांच्या शिक्षणातही भर पडेल. महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टने प्रत्येकाला तपासावं आणि वर्ग सुरू होण्याआधी रोज रक्तदाब पाहावा.

सुरुवात तर अगदी साध्या कृतीने करता येईल. खुर्चीच्या कडेशी यायचं, पावलं मागे घ्यायची, श्वास सोडत पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं की उठायचं, आणि त्याहून सावकाश बसायचं. दोन्ही पायांवर सारखं वजन पडतं आहे का, ते डोळे मिटून ओळखायचं. ज्याचा उजवा पाय लुळा आहे तो हमखास डाव्यावर भार देतो, त्याने तो जाणूनबुजून उजव्याकडे न्यायचा. उठण्या-बसण्याच्या या एका कृतीत ताकद, तोल, श्वास आणि अवधान सगळं येतं, आणि ती दिवसातून कितीतरी वेळा लागतेच.

या वर्गांत पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. गेल्या आठवड्यात कोण पडलं, कुठे पडलं, किती वेळा, एवढंच त्यात लिहायचं. रक्तदाबाचा आकडा आणि गोळ्या चालू आहेत की नाही, याचे दोन रकाने जास्तीचे. शंभर गावांतल्या अशा वह्या वर्षाअखेरीस एकत्र केल्या तर नीट आखलेली चाचणी कुठे आणि कशी घ्यायची हे ठरवण्यापुरता मजकूर हाती येईल, आणि ती चाचणी घेण्याचं काम राज्याच्या आरोग्य विद्यापीठाने पुढाकार घेऊन करावं.